कणीएवढा डाग

तुषारच्या मेंदूच्या चित्रात, डाव्या कानाच्या थोडं वर, कवटीला लागून, तांदळाच्या कणीएवढा एक काळा डाग होता. लांबी साडेतीन मिलिमीटर, रुंदी जेमतेम एक. सानिकाने तो तीनदा मोजला. चित्र एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं होतं, पण त्या काळच्या यंत्रांच्या मानाने बरंच स्वच्छ. ते काढताना तुषार तीन वर्षांचा होता आणि गाढ झोपलेला होता. आता तो बेचाळीस वर्षांचा होता, येवल्याला आईजवळ राहत होता. तो सानिकाचा थोरला भाऊ.

नाशिकच्या शिशुमेंदू केंद्रात सानिकाचं काम हेच होतं, मुलांच्या मेंदूची चित्रं साफ करायची. मूल झोपेत कूस वळवतं, उसासा टाकतं, चित्र हलतं; ते सरळ करायचं, मापं घ्यायची, पुढे पाठवायची. तेरा वर्षांत तिने असे शेकडो डाग पाहिले होते. या डागाबद्दल जुन्या अहवालात एकच ओळ होती : ‘महत्त्वाचा नाही.’ तिनेही पाच आठवड्यांपूर्वी तसंच म्हणून चित्र बंद केलं होतं. आज भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिने ते पुन्हा उघडलं, कारण दुसरं काही उघडायची तिची हिंमत होत नव्हती. दुसरं चित्र तिच्या मुलीचं होतं. ओवीचं.

मेंदूचा वरचा थर म्हणजे घडी घालून ठेवलेलं कापड, असं ती केंद्रात नव्याने आलेल्यांना सांगायची. विणकराच्या मुलीला दुसरी उपमा सुचणार तरी कुठून? पहिल्या दोन वर्षांत हे कापड सगळ्याच मुलांचं झपाट्याने वाढतं. काही मुलांचं मात्र त्याहूनही वेगाने पसरतं. जाडी तीच, पन्हा मोठा. कवटी वाढते, पण त्या मानाने नाही, त्यामुळे घड्या जास्त पडतात. शेजारशेजारच्या भागांना जोडणारे आखूड धागे दाट होतात, लांबच्या भागांना जोडणारे धागे उशिरा येतात. भीतीची नोंद ठेवणारा बदामाएवढा भाग जरा थोराड होतो. यातलं एकेक माप सुटं घेतलं तर ते कुठल्याही मुलात सापडेल. सगळी एकत्र आली, की त्यातली पुष्कळ मुलं स्वमग्न निघतात. सानिकाच्या लहानपणी शास्त्रज्ञांना हे दिसू लागलं होतं. तेव्हा नुसतं दिसायचं. करता काही यायचं नाही.

आता करता येत होतं. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून नेमक्या जागी सोडायच्या आणि तिथल्या वाढीचा वेग कमी करायचा. आठवड्यातून तीनदा, चार महिने. कागदोपत्री त्याचं नाव होतं वृद्धिनियमन, पण जिल्हा द्राक्षांचा. लोकांनी पहिल्याच हंगामात नाव पाडलं, छाटणी. “पोराची छाटणी केली का हो?” असं बायका एकमेकींना बसमध्ये विचारू लागल्या. अट एकच होती. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत सुरुवात व्हायला हवी. त्यानंतर कापड विणून झालेलं असतं.

ओवी एकोणीस तारखेला तीन वर्षांची होणार होती. मधे अकरा दिवस उरले होते.

“पाच आठवडे थांबलीस, सानिका,” डॉक्टर बोरस्ते दारातूनच म्हणाले. ते केंद्राचे प्रमुख, पिंपळगावच्या बागाईतदाराचे चिरंजीव. “ऑक्टोबर छाटणी पंधरा दिवस लांबली, की आमचे वडील जेवायचे नाहीत.”

“ओवी वेल नाहीये, सर.”

“नाही ना. म्हणूनच तुला विचारतोय. वेलीच्या आईला कोण विचारतं?” ते हसले, मग खुर्ची ओढून बसले. “पंचांग काय म्हणालं?”

पंचांग म्हणजे केंद्राची गणकप्रणाली. मुलाचं चित्र आणि रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं लहानपणचं चित्र मिळालं तर तेही, अशी दोन्ही घेऊन ती पुढचं सांगायची. तुषारचं चित्र एका जुन्या संशोधनाच्या संग्रहात सानिकानेच शोधून काढलं होतं. मामा आणि भाचीची चित्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर पंचांगाने आकडा दिला होता, उपचार न केल्यास ओवी सहाव्या वर्षापर्यंत बोलणार नाही याची शक्यता शंभरात एक्याऐंशी.

“एक्याऐंशी,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तू कधी मोठ्याने म्हणाली नव्हतीस.”

मोठ्याने म्हणण्याला केंद्रात फार महत्त्व होतं. सुरुवातीच्या वर्षांत आईवडील न वाचताच सह्या करायचे. एका सासऱ्याने तर सुनेची सही आपणच ठोकली. मग कायदा झाला. सही चालणार नाही. आई आणि वडील, दोघांनीही एका खोलीत बसून, आपल्या शब्दांत, आपला निर्णय बोलायचा. त्याची ध्वनिमुद्रित नोंद राहणार. लिहून आणलेला कागद वाचायचा नाही. त्या खोलीत शिरलेली पुष्कळ माणसं पहिली पाच मिनिटं नुसती पाणी पीत.

“सोमवारी सकाळी अकराची वेळ ठेवतो,” बोरस्ते उठत म्हणाले. “हो म्हण, नाही म्हण. पण गप्प बसू नकोस. गप्प बसलीस तर निर्णय तारीख घेईल.”

*

घरी तिचा नवरा मंदार पातेल्यात वरण शिजवत उभा होता. त्यांच्याकडे दीड वर्ष कुकर लागला नव्हता. शिट्टी झाली, की ओवी जमिनीवर पडून कपाळ आपटायची, रक्त येईपर्यंत. मंदार इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा, आणि डाळ पातेल्यात मऊ कशी करायची याच्यावर एक प्रबंध लिहू शकेन असं म्हणायचा. आधी भिजवायची, मग तेलाचा थेंब, मग वाट पाहायची.

ओवी शेजारच्या स्टुलावर उभी राहून त्याचा कोपर हुंगत होती. तिची ही रीत होती. घरात नवीन माणूस आलं, की ती त्याच्या कोपराचा वास घ्यायची. पसंत पडलं तर शेजारी बसायची, नाही तर सरळ उठून जायची. शेजारच्या देवधरकाकू सहा महिने नापास होत होत्या. नंतर त्यांनी हाताला लावायचं मलम बदललं आणि पास झाल्या. ओवी एकही शब्द बोलत नव्हती. आईला आई म्हणाली नव्हती. सकाळी पंपाची मोटार सुरू झाली, की भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी राहायची आणि मोटारीच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची, मोटार बंद होईपर्यंत.

“सोमवारी अकरा,” सानिका म्हणाली.

“माझं उत्तर तयार आहे.” त्याने गॅस बारीक केला. “सानू, मला एकदा ‘बाबा’ ऐकायचंय. एकदाच. हे चूक आहे का?”

“नाही.”

“मग?”

तिला केंद्रातला एक मुलगा आठवला. त्याला दारांच्या बिजागऱ्यांचं वेड होतं. उपचाराला आला, की तासन्‌तास दार उघडायचा, मिटायचा, उघडायचा. चौथ्या महिन्यात तो बोलू लागला. बिजागरीकडे त्याने परत पाहिलं नाही. त्याची आई पेढे घेऊन आली होती. पेढा हातावर ठेवताना म्हणाली, “आता छान बोलतो. नुसता बसून राहतो कधी कधी, तेवढंच.” ती रडत नव्हती. तक्रारही करत नव्हती. सानिकाने तो पेढा तसाच टेबलावर ठेवला होता.

“एक विचारू? रागावू नकोस,” मंदार म्हणाला. “तुला ओवीची काळजी वाटते, की तुषारदादाची आठवण येते? म्हणजे... ती त्याच्यासारखी राहावी, असं तुला वाटतंय का?”

सानिका रागावली. पण राग यायला जरा उशीर झाला, आणि तो उशीर दोघांच्याही लक्षात आला.

*

भाऊबीजेला ती एकटीच येवल्याला गेली. विंचूरपर्यंत खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसत राहिले, पुढे उघडी शेतं लागली. येवल्यात पूर्वीसारखा धूर नव्हता. फटाके आता नुसते उजेडाचे मिळायचे, आवाजाचे बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तिला वाटलं, दिवाळी आल्यासारखी वाटतच नाही. मग तिला स्वतःचंच हसू आलं. त्यांच्या घरात आवाजाची दिवाळी कधी झालीच नव्हती.

दारातूनच हातमागाची खटखट ऐकू आली. आई सहासष्ट वर्षांची होती, पण दिवसाला चार बोटं पैठणी अजून उतरवायची. तुषार भिंतीपाशी रहाटावर कांड्या भरत होता. धोट्यात घालायच्या, रेशीम गुंडाळलेल्या त्या बोटभर नळ्या तो तिसेक वर्षं भरत आला होता. कांडी न सैल, न घट्ट. त्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही, आणि घरच्यांनाही. ते त्याचं काम होतं.

“आली,” तो मान वर न करता म्हणाला.

“आले, दादा.”

तिने ताट तयार केलं. कपाळाला हात लावलेला त्याला लहानपणापासून खपत नसे. म्हणून ती त्याच्या मनगटावर कुंकू लावायची, अक्षताही तिथेच. आजही त्याने मनगट पुढे केलं, ओवाळून होईपर्यंत निरांजनाकडे पाहिलं आणि लगेच रहाटाकडे वळला.

“ओवाळणी दे की रे बहिणीला,” आई मागावरून ओरडली.

“टेबलावर ठेवली. सकाळीच.”

पाकिटावर ‘सानिका’ असं लिहिलेलं होतं. दर वर्षी त्याच अक्षरात, त्याच जागी. सानिकाने पाकीट पर्समध्ये ठेवलं.

सगळं आठवलं. ती सहा वर्षांची, तुषार दहाचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आई दिवे लागायच्या आत पूजा उरकायची, डब्यात चिवडा आणि शंकरपाळे भरायची आणि दोघांना घेऊन अंगणगावच्या मामांच्या शेतावर जायची. मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत तिघं बसायची. जाड भिंती, एक कंदील, तेलाचा आणि ओल्या मातीचा वास. तुषार गोधडी डोक्यावरून घ्यायचा आणि सानिकाने गोधडीची दोन टोकं त्याच्या दोन्ही कानांवर दाबून धरायची. तो त्यांचा खेळ होता. हात दुखले तरी सोडायचे नाहीत. आई गोष्ट सांगायची, लांब गावाकडे आकाश लाल-हिरवं व्हायचं, आणि सानिकाला वाटायचं, बाकीच्या मुलांना बिचाऱ्यांना असली दिवाळी कुठे मिळते! कॉलेजात गेल्यावरही ती मैत्रिणींना ही गोष्ट सांगायची. मंदारला तिने पहिल्या भेटीत सांगितली होती.

“आई,” जेवताना तिने विचारलं, “दादाला लहानपणी डोक्याला काही लागलं होतं का? इथे, डाव्या बाजूला?”

“लागलं? नाही बाई. आपटून घ्यायचा तो कपाळ, पुढून. का गं?”

“त्याचं ते जुनं चित्र आहे ना, नाशिकला काढलेलं. त्यात एक डाग दिसतोय.”

“ते होय!” आईने ताटातला घास तसाच ठेवला. तिला तो दिवस पाठ होता. “काय ती झडती! मंगळसूत्र काढा, जोडवी काढा, डोक्यातले आकडे काढा. ब्लाउजचे हूकसुद्धा चालेनात, तिथला झगा घातला मी. ती पोरगी चार चारदा विचारी, धातूचं काही आहे का, मावशी? म्हटलं, काही नाही बाई, आता कातडी काढू का? मग याला वरणभात चारला, गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला. गोधडीशिवाय झोपायचाच नाही. तसाच अलगद यंत्रात ठेवला.”

“कुठली गोधडी?”

“ही काय एकच तर होती. माझ्या आजेसासूच्या लुगड्याची. काठासकट शिवलेली.”

सानिकाचा हात ताटातच थांबला. “काठ कसला होता, आई?”

“कसला म्हणजे? जरीचा. जुनी खरी जर, चांदीची. आत्ता मिळते ती प्लास्टिक.”

“आई, चांदी धातू असते.”

“चांदी असते गं. पण जर म्हणजे जर!” आई म्हणाली. मग तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. चौदाव्या वर्षापासून तिची बोटं जरीतून फिरत होती. सूत, रेशीम आणि जर, हे तिच्या लेखी धाग्यांचे तीन प्रकार होते. “बाई गं,” ती हळूच म्हणाली. “चाळीस वर्षं कुणी बोललं नाही.”

जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार. लोहचुंबक तिला ओढत नाही, म्हणून दारावरच्या तपासणीत ती सापडली नसणार. पण त्या यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा बदलतं, आणि बदलत्या क्षेत्रात धातूच्या तारेतून वीज फिरू लागते. तिचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र आजूबाजूची प्रतिमा ओढून वाकडी करतं. काळा डाग महत्त्वाचा नव्हताच. महत्त्वाचं होतं ते डागाच्या भोवती. तिथली घडी असेल त्याहून मोठी दिसली असणार, आणि ती जागा नेमकी डाव्या कानाच्या वरची, भाषेची.

तिने आईकडून त्या लुगड्याच्या उरलेल्या काठाचा दोन बोटं तुकडा मागून घेतला. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग तो प्रश्न विचारला, जो विचारायलाच ती खरं म्हणजे आली होती.

“आई, छाटणी तेव्हा असती, तर दादाची केली असतीस?”

तुषार समोरच बसला होता. त्याच्या नेहमीच्या ताटात, भात एका बाजूला, भाजी एका बाजूला, दोन्ही एकमेकांना न लागता. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाजसुद्धा कमी केला नाही.

“केली असती. डोळे मिटून केली असती.”

सानिकाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

“तोंड काय पाहतेस? दोन वर्षं मी सलग झोपले नव्हते. अकरा वर्षं कुणाच्या लग्नाला गेले नाही. तुझे बाबा म्हणायचे, तुझ्या माहेरचं खूळ आहे. न झोपलेल्या बाईला विचारलंस तर ती काय सांगणार? कुणी म्हणालं असतं विहिरीतलं पाणी पाज, तर तेही पाजलं असतं.” तिने पाण्याचा घोट घेतला. “आज विचारशील तर मला छाटणी नको होती. माणूस हवं होतं एक. दुपारी दोन तास त्याला धरणारं. ते कुठल्या दवाखान्यात मिळत नव्हतं. पण हे आजचं झालं. तुझ्या पोरीचं मला विचारू नकोस. मला कळत नाही.”

“मग कुणाला विचारू?”

आईने नुसती हनुवटी हलवली, तुषारच्या दिशेने.

सानिकाने इतक्या वर्षांत किती शोधनिबंध वाचले होते. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांच्या मुलाखती घेणाऱ्यांची तर रांग पाहिली होती. समोर बसलेल्या माणसाला विचारावं, हे तिला सुचलं नव्हतं. तिने आपला पाट जरा पुढे ओढला.

“दादा, अंगणगावची दिवाळी आठवते का रे? मोटारीची खोली?”

“हो.”

“मी गोधडी धरायचे तुझ्या कानांवर.”

“हो.”

“मजा यायची ना?”

त्याने घास खाऊन संपवला. तोंडात घास असताना तो बोलत नसे.

“नाही,” तो म्हणाला. “कान दुखायचे.”

“तिथेसुद्धा? इतक्या लांब?”

“तिथे थोडे. इथे खूप. आत सुई घातल्यासारखे. कुकर पण. शाळेची घंटा. मोठा झालो तेव्हा कमी झालं.” त्याने भात पुढे ओढला. “तू जोरात दाबायचीस. ते बरं वाटायचं.”

“मग सांगितलं का नाहीस कधी?”

“कुणी विचारलं नाही.”

आई मागे भिंतीला टेकली. सानिकाला वाटलं, इतक्या वर्षांची ती कंदिलाची खोली कुणीतरी दुसऱ्या बाजूने उघडून दाखवली. तिने जपलेली गोष्ट खोटी नव्हती. शंकरपाळे होते, लाल-हिरवं आकाश होतं. पण त्याच खोलीत, तिच्या दोन तळहातांच्या मधोमध, एक दहा वर्षांचा मुलगा सुया सोसत बसलेला होता.

“आणि बाकीचं?” तिने सावकाश विचारलं. “म्हणजे लोकांत बसायला आवडत नाही, कमी बोलतोस, रोज हेच ताट लागतं. लग्न नाही झालं. ते सगळं बदलता आलं असतं तर?”

तुषार विचारात पडला. प्रश्न त्याला नीट कळला नव्हता असं नाही, त्यातला अर्धा भाग त्याला निरर्थक वाटत होता.

“त्याने काही दुखत नाही,” तो म्हणाला. आणि उरलेला भात जेवू लागला.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. केंद्रात शुकशुकाट. सानिकाने चाचणीचा पाण्याने भरलेला गोळा जुन्या यंत्रात ठेवला, त्याच्या डाव्या अंगाला काठाचा तुकडा चिकटवला आणि चित्र काढलं. तांदळाच्या कणीएवढा डाग हुबेहूब उमटला. त्याच्या भोवतीची पाण्याची गोल कड दीड मिलिमीटर बाहेर ओढली गेलेली होती. तेवढी ओढ तिने तुषारच्या चित्रातून वजा केली आणि दोन्ही चित्रं पंचांगाला परत दिली.

आकडा आला पंचावन्न.

बोरस्ते बोलावल्यावर घरच्या चपला घालूनच आले. त्यांनी डाग पाहिला, गोळ्यावरचा काठ पाहिला, आणि डोक्याला हात लावला.

“येवल्याची मुलं आणायची म्हणजे आता नियमावलीत जर लिहावी लागणार!” मग ते गंभीर झाले. “पंचावन्न म्हणजे पंचांगाने हात वर केले, सानिका. नाणं उडवण्यासारखंच आहे ते.”

“सर, नियमन मेंदूच्या एकाच भागावर करता येतं? सगळीकडे न करता?”

“कुठल्या?”

“ऐकण्याच्या.”

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “अकरा मुलांवर झालंय, आपल्याकडे एकही नाही. आवाजाचा त्रास पुष्कळ कमी होतो, एवढंच खात्रीने सांगता येईल. बोलण्याचं काही सांगता येणार नाही. नजरेला नजर, मित्र, शाळा, यातलं काहीही नाही. आणि एकोणीस तारखेनंतर तू येऊन म्हणालीस, सर, उरलेलं पण करा, तर मला करता येणार नाही. दार एकदाच मिटतं.”

“समजलं.”

“हा तुझा निर्णय आहे?”

“आत्ता फक्त विचारलं.”

सोमवारी गाडीत तिने मंदारला सगळं सांगितलं, डाग, काठ, पंचावन्न, आणि तुषार काय म्हणाला तेही, त्याच्याच शब्दांत. मागच्या आसनावर ओवी काचेला जीभ लावून बसली होती.

“परवा तू विचारलंस ना,” सानिका म्हणाली, “ते अर्धं खरं होतं. मी ओवीसाठी थांबले नव्हते. मी माझ्या लहानपणासाठी थांबले होते. दादासारखं कुणीतरी घरात असावं म्हणून. आणि त्या लहानपणात दादाला काय होत होतं, ते मला माहीतच नव्हतं.”

“मला ‘बाबा’ ऐकायचंय,” तो म्हणाला. हट्टाने नाही, नोंद करून ठेवावी तसं. मग त्याने गाडी केंद्राच्या आवारात वळवली. “पण ती कपाळ आपटते तेव्हा मला तेही आठवत नाही. तू आधी बोल. तुझं ऐकून मी बोलेन.”

खोली लहान होती. तीन खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीत बसवलेला ध्वनिग्राहक. ओवीने बोरस्त्यांचा कोपर हुंगला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बैठक मारली. ती दचकू नये म्हणून ते अगदी हळू आवाजात नियमाचं वाक्य म्हणाले, “आईने आपला निर्णय आपल्या शब्दांत सांगावा.”

सानिकाने पाण्याला हात लावला नाही.

“मी सानिका, ओवीची आई,” ती म्हणाली. “माझ्या मुलीला आवाजाने दुखतं. ते दुखणं थांबवा. तिच्या मेंदूतल्या ऐकण्याच्या भागापलीकडे कशालाही हात लावू नका. ती कधी बोलेल की नाही, हे मला माहीत नाही. ते माहीत नसताना, आणि दार पुन्हा उघडणार नाही हे माहीत असताना, मी हे ठरवलं आहे.”